शस्त्रवैद्याचे मृदुगुण
(मंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक मुलेमुली आज वैद्यकाकडे वळत आहेत व त्यांतील पुष्कळांस शस्त्रवैद्य होण्याची आकांक्षा आहे. त्यांचे गुणपत्रक आपण कौतुकाने वाचतो. गुणपत्रकात न उमटणाऱ्या गुणांविषयी आज चार शब्द बोलावे, असे मी योजिले आहे. इंग्रजीत त्यांस ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात. आपण मृदुगुण म्हणू.

ही कल्पना परकी नव्हे. सुश्रुताने शिष्यास भोपळ्या-काकडीवर छेद घेण्याचा सराव सांगितला. हात कापू नये, चित्त गोंधळू नये, असेही सांगितले. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. रोगी एकवेळ आईबापांविषयी शंका घेईल, पण वैद्याच्या हाती निःशंकपणे देह सोपवितो. म्हणून वैद्याने त्यास पुत्रवत् जपावे, हा त्याचा उपदेश आहे.

आधुनिक काळातील उदाहरण आपल्याच मराठी कुळातले आहे. विदर्भातील उटी गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. आत्माराम गावंडे अमेरिकेत शस्त्रवैद्य झाले. २००६ साली त्यांच्याच मज्जारज्जूत गाठ निघाली. त्यांनी दोन नामांकित तज्ज्ञांचा सल्ला घेतला. एकाने तातडीने शस्त्रक्रिया करण्यास सांगितले. प्रश्न वाढू लागताच तो त्रासला. दुसरे, क्लीव्हलंडचे डॉ. बेन्झेल, खुर्ची वळवून समोर बसले व शेवटच्या प्रश्नापर्यंत ऐकत राहिले. रोग्यास कशाची भीती अधिक वाटते, हे त्यांनी जाणून घेतले व थांबण्यास संमती दिली. शस्त्रक्रिया २०१० साली झाली. मधली वर्षे गावंडे यांना आपल्या मनासारखी जगता आली. स्वतः शस्त्रवैद्य असलेल्या रोग्याने निवड केली ती ऐकून घेणाऱ्याची.

त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची तपासणी-यादी सिद्ध केली. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हेही तीत एक कलम आहे. आठ शहरांतील रुग्णालयांत ती यादी वापरली असता मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. याचे सर्व श्रेय त्या एका कलमास देता येणार नाही. परंतु जिचे नावही कोणी विचारले नाही, ती परिचारिका ‘डॉक्टर, एक कापसाची घडी कमी भरते आहे’ हे कोणत्या धैर्याने सांगेल?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. सुरगाणा, पेठ येथून येणारा आदिवासी शेतकरी आपल्या बोलीत दुखणे सांगतो. ‘सकाळी काही खाऊ नका’ एवढेच त्यास सांगितले, तर तो भाकरी सोडतो, पण दुधाचा चहा घेतो. आणि भूल दिल्यावर तेच पोटातले फुप्फुसात उतरून प्राणावर बेतू शकते. कारणासह सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. न समजलेल्या कागदावरील अंगठा ही संमती नव्हे.

२०१९ पासून वैद्यकाच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती व संवाद यांचे शिक्षण अंतर्भूत झाले आहे. तथापि विद्यालयाने शिकविण्यापूर्वी हे शिक्षण घरात सुरू व्हावे. मोलकरणीस नावाने हाक मारणारे, आजोबांचे बोलणे पुरते ऐकणारे मूलच पुढे रोग्याचे ऐकेल. आपण गुणवंतांचा सत्कार करितो, तेव्हा गुणांची टक्केवारी विचारावी. पण त्याबरोबर ‘बाळ, तू ऐकतोस का?’ हेही विचारावे.