भाकड गाईची गव्हाण
(शेतकरी व कारागीर यांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



मांडवांत पुढें पुरुषमंडळी बसली आहेत आणि आयाबहिणी मागें भिंतीला टेकून उभ्या आहेत. आजचा विषय गाईच्या वैरणीचा आहे. पहांटे शेण काढणारा, आंबोण भिजविणारा आणि धार काढणारा हात बहुतेक घरीं बायकांचाच असतो. तेव्हां त्यांनीं पुढें यावें आणि ज्यांचें काम फक्त डेअरीचा हिशेब घेण्याचें आहे त्यांनीं थोडें मागें सरावें, अशी आमची विनंती आहे. हं, आतां ठीक झालें.

आपल्या गोठ्यांत एक जुना न्याय चालत आला आहे. जी गाय दूध देते तिच्यापुढें पेंड, आणि जी आटली तिच्यापुढें दुसऱ्या गुरांनीं टाकलेली चघळ. "देत नाहीं तर खाते कशाला?" असें म्हणणारीं माणसें आमच्या घरींही होतीं, आम्ही स्वतः त्यांतलेच. पण पाहा, गाय सुमारें २८० दिवस गाभण असते, आणि वासराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. म्हणजे ज्या दिवसांत ती कांहीं देत नाहीं असें आपण म्हणतों, त्याच दिवसांत ती पोटांत २५-३० किलोंचें वासरूं घडवीत असते, थकलेली कास नवी करीत असते आणि पुढच्या वेताच्या दुधासाठीं अंगांत सांठा करीत असते. तिच्या कामाचे हे दिवस, आणि नेमकी तेव्हांच आपण तिची मजुरी कापतों!

याचें फळ आम्हीं भोगलें आहे, तें सांगतों. आमच्या घरीं एक संकरित गाय होती. दुसऱ्या वेताला दोन्ही वेळचें मिळून चौदा लिटर दूध द्यायची. तिसऱ्यांदां गाभण राहून आटली, तेव्हां दोन महिने आम्हीं तिला उसाच्या वाढ्यावर आणि कडब्याच्या बुडख्यांवर ठेविलें. विण्याच्या आठ दिवस आधीं मात्र आम्हांस जाग आली आणि मळ्यांतला लसूणघास भारेच्या भारे तिच्यापुढें टाकला. गाय सुखरूप व्याली. दुसऱ्या रात्रीं बसली ती उठेना. कान थंड पडले, मान एका बाजूस वळली. कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी देवऋषी आणावयास धांवलें. एका जाणत्यानें काढा केला आणि आम्हीं तो बांबूच्या नळीनें तिच्या घशांत ओतला. तिला गिळण्याची ताकद राहिली नव्हती. काढा फुप्फुसांत गेला. सकाळीं डॉक्टर आले तेव्हां गाय गेलेली होती. ती गाय कर्ज काढून घेतलेली होती. हप्ते पुढें दोन वर्षें भरले.

त्या आजाराला दुग्धज्वर म्हणतात. नांवांत ज्वर आहे, पण अंग उलट गार पडतें. बहुधा व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि अधिक दुधाच्या, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गाईला तो होतो. चीक आणि दूध उतरूं लागलें कीं कास रक्तांतलें कॅल्शियम भराभर ओढून घेते. हाडांच्या कोठारांत तें भरपूर असतें, पण कोठार वेळेवर उघडलें पाहिजे. वाढ्यांत ऑक्झलेट नांवाचें द्रव्य असतें; तें खाण्यांतलें कॅल्शियम बांधून ठेवितें, आणि दोन महिने तेंच खाल्लें तर कोठारच रितें होत जातें. उलट लसूणघासांत कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही फार. शेवटच्या दिवसांत तो ढिगानें मिळाला तर कोठाराचें कुलूप काढण्याची शरीराची संवय मोडते, आणि ऐन गरजेला कुलूप उघडत नाहीं. आम्हीं दोन्ही चुका एकाच गाईवर केल्या. डॉक्टरानें वेळेवर शिरेंतून कॅल्शियम दिलें असतें, तर अशी पडलेली गाय पुष्कळदां थोड्याच वेळांत उठून उभी राहाते. हें आम्हीं पुढें दुसऱ्यांच्या गोठ्यांत पाहिलें. म्हणून सांगतों, व्यालेली गाय बसून उठेना तर रात्र असो कीं पाऊस, डॉक्टरला निरोप धाडा. तिला छातीवर बसती ठेवा, कुशीवर लोळूं देऊं नका, आणि तोंडांत कांहीं ओतूं नका.

आतां खाऊं काय घालावें? विण्याच्या दोन महिने आधीं धार बंद करून गाय आटवावी. शेवटची धार काढल्यावर सडांत औषध सोडावें कीं नाहीं तें डॉक्टरला विचारावें. त्यानंतर ४०० किलोंच्या आसपासच्या गाईला रोज १५-२० किलो हिरवी वैरण, पांच-सहा किलो कडबा, आणि एक ते दीड किलो आंबोण पुरे. आंबोणांत सरकीची पेंड, मक्याचा भरडा, तुरीची चुणी, गव्हाचा कोंडा, जें आपल्याकडे निघतें तें घ्यावें. शेवटच्या तीन आठवड्यांत आंबोण हळूहळू वाढवून दोन-अडीच किलोंवर न्यावें, म्हणजे व्याल्यानंतर जें खाणें तिला लागणार त्याची पोटाला आधींच ओळख होते. याच दिवसांत घास अगदीं थोडा ठेवावा आणि नेहमींची खनिजांची पूड डॉक्टरला विचारून बदलावी. वाढें घालणें भागच असेल तर कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, परंतु नुसत्या वाढ्यावर गाय ठेवूं नये. आणि लाडानें तिला लठ्ठही करूं नये. लठ्ठ गाय विण्यास अडते आणि व्याल्यावर खाणें टाकते. शेवटच्या बरगड्या हाताला लागाव्या, डोळ्यांत भरूं नयेत, ही खूण पुरे.

खर्चाची भीति सांगणाऱ्यांनीं हिशेब करावा. दोन महिन्यांत असें शंभर किलोंच्या आंत आंबोण लागतें. त्याच्या जोरावर गाईनें रोज एकच लिटर जास्त दिलें तरी ३०० दिवसांत ३०० लिटर होतात. भाव आपापल्या गांवचा लावा.

व्याल्यावर पहिला हक्क वासराचा. वार पडेपर्यंत वासरूं पाजूं नये अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. ही समजूत वासरें मारते. गाईच्या पोटांत असतां वासराला आईच्या रक्तांतून रोगाशीं लढण्याची शक्ति मिळत नाहीं. ती चिकांतूनच मिळते. ती आंत घेण्याचें आंतड्यांतलें दार पहिल्या चोवीस तासांत मिटतें आणि तासागणिक तें लहान होत जातें. म्हणून पहिल्या तासाभरांत चीक पाजावा आणि दिवसभरांत वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे २५ किलोंच्या वासराला अडीच लिटर, त्याच्या पोटांत जावा. खरवस आम्हांसही आवडतो. पण आधीं वासरूं, मग सोयरेधायरे. वार बारा तासांत पडली नाहीं तर ओढूं नये, तिला दगड बांधूं नये, डॉक्टर बोलवावा.

गाईला कोमट पाणी आणि गूळ द्यावा. शिजविलेली बाजरीही द्यावी, पण बेतानें. बाळंतीण म्हणून एकदम पाटीभर धान्य घातलें तर पोटांत आंबतें, शेण पातळ होतें, पाय धरतात. दूध सहा-आठ आठवड्यांत चढतें, भूक मात्र मागाहून चढते. मधल्या दिवसांत गाय स्वतःचें अंग वितळवून दूध देते. फार खंगली तर माजावर येत नाहीं, आणि पुढचें वेत लांबतें. तेव्हां दर दोन दिवसांनीं अर्धा किलो आंबोण वाढवीत जावें, आणि अंगासाठीं एक किलो धरून वर दर अडीच लिटर दुधामागें एक किलो, या मापावर यावें. पाणी तर ६०-८० लिटर लागतें. दिवसांतून दोनदां बादली दाखवून भागत नाहीं.

येथें सुतार, लोहार, कुंभार बंधु विचारतील कीं आम्हांस रान नाहीं, हिरवें आणावें कोठून? प्रश्न खरा आहे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांतही जंगलखात्यानें चराऊ रानें बंद केल्याचें गाऱ्हाणें आहे. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें त्यांच्याच विचारांच्या देशांत 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली. गीर, जर्सी आणि होल्स्टीन अशीं तीन रक्तें तिच्यांत आहेत. पण गाईची जात कितीही मोठी केली तरी पोट रिकामें असेल तर ती जात दुधांत दिसत नाहीं. बिनरानाच्या घरांनीं बचत गटांतून सुगीच्या वेळीं कडबा आणि पेंड एकत्र विकत घ्यावी, कडब्याची कुट्टी करावी, आणि शेजारच्या शेतकऱ्यानें बांधावरचें मारवेल त्यांना कापूं द्यावें. त्याचा नांगर तेच नीट करून देतात ना?

सभा संपल्यावर कोणी लगेच उठूं नये. येत्या दोन महिन्यांत ज्यांच्या गाई विणार आहेत त्यांनीं आपलीं नांवें आणि भरविल्याची तारीख पुढच्या बाकावर लिहून द्यावी. नंतर आपण सगळे पाटाजवळच्या गोठ्यांत जाऊं. तेथें तीन गाभण गाई बांधल्या आहेत. त्यांच्या बरगड्यांवर प्रत्येकानें हात फिरवून पाहावा, आणि पहिला हात भगिनींचा.