'तेरा' पाहून आलो, तेर राहून गेले

(वर्षावासानिमित्त संस्थेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आम्ही बँकेतील कारकून. रोज दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवतो. आज आमच्याच एका प्रवासाचा हिशेब आपणापुढे मांडावयाचा आहे. पाच वर्षे आवर्ती ठेव भरून आम्ही पाच जण २०२४ च्या एप्रिलमध्ये जपानला जाऊन आलो.

प्रथम विद्यार्थ्यांसाठी एक खुलासा. जपानमध्ये शिंतो देवस्थानाला 'जिन्जा' म्हणतात. त्याच्या वाटेवर 'तोरी' नावाची कमान असते. बौद्ध विहाराला 'तेरा' म्हणतात. पूर्वी ही दोन्ही अनेक ठिकाणी एकाच आवारात नांदत होती. १८६८ साली मेईजी सरकारने त्यांची फारकत केली. पहिल्याच जिन्जाच्या दारात आमच्यात चर्चा झाली. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, येथे हात जोडावेत काय? शेवटी ठरले की, रिवाजाप्रमाणे हात धुवावेत, शांतपणे सर्व पाहावे, पूजा मात्र करू नये. यजमानाचा मानही राहिला आणि आपली प्रतिज्ञाही.

'तेरा' शब्द ऐकून आमच्यातील एक जण हसून म्हणाले, "म्हणजे आपले तेरच की!" आम्हीही हसलो. तो हसण्याचा विषय नव्हता, हे पुढे कळले.

क्योतोमध्ये कालव्याकाठी 'तत्त्वज्ञाचा मार्ग' नावाची पायवाट आहे. दोन्ही बाजूंना चेरीची झाडे, म्हणजे त्यांचा साकुरा. आपल्याकडे पळस फुलतो तशीच ही झाडे पानांआधी फुलांनी भरतात. पण हा बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. वारा आला की पाकळ्या पाण्यावर पडतात. म्हातारी माणसे, शाळेची मुले, कचेरीतील नोकरदार, सारे मुद्दाम वेळ काढून ते पाहावयास येतात. अनित्यतेवर आपण प्रवचने ऐकतो. तेथे ती झाडाखाली बसून पाहता येते.

तेथून आम्ही कोयासान पर्वतावर गेलो. कुकाई या आचार्यांनी ८१६ साली स्थापन केलेले हे शिंगोन पंथाचे केंद्र. तेथील कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे. २०१५ साली महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. घरापासून इतक्या दूर, परक्या लिपीच्या पाट्यांमध्ये बाबासाहेब दिसले आणि आम्हां पाचही जणांना बोलवेना.

८ एप्रिलला आम्ही नारा शहरातील तोदाइजी विहारात होतो. जपानमध्ये हा बुद्धजन्माचा दिवस. बालबुद्धाच्या लहानशा मूर्तीवर लोक पळीने गोड चहा ओततात. मागे सुमारे पंधरा मीटर उंचीची महाबुद्धाची कांस्यमूर्ती. ७५२ साली तिचे नेत्र रेखण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्खूंना मिळाला. त्यांच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या जमलेल्या लोकांनी हाती धरल्या होत्या, म्हणजे नेत्र सर्वांनी मिळून रेखले. ही वास्तू ११८० आणि १५६७ साली जळाली. आजची वास्तू १७०९ ची आहे. म्हणजे ती आपोआप टिकली नाही, पुन्हा पुन्हा उभारली गेली.

शेवटी होर्यूजी. येथील लाकडी इमारती जगातील सर्वांत जुन्या मानल्या जातात. येथील सुवर्णमंडपातील भित्तिचित्रांचे नाते अभ्यासक अजिंठ्याशी सांगतात. २६ जानेवारी १९४९ रोजी ती आगीत होरपळली. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी, १९५० साली, सांस्कृतिक ठेवा जपण्याचा कायदा झाला. १९५५ पासून दर २६ जानेवारीला जपानभर विहारांत आणि जिन्जांत आग विझविण्याची कवायत होते.

हे सांगणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी दुभाष्यामार्फत आम्हांला विचारले, "तुम्ही बुद्धाच्या देशाचे. तुमच्या गावाजवळ कोणते प्राचीन बौद्ध स्थान आहे?"

मित्रहो, आम्ही अजिंठा म्हणालो. ते म्हणाले, "गावाजवळ?" मग मात्र आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

परत आल्यावर पहिल्या रविवारी एस.टी.ने तेरला गेलो. प्राचीन व्यापारी नगर 'तगर' ते हेच. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचे नाव आहे. तेथील उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार विटांची वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. लामतुरे संग्रहालयात तेथील वस्तू मांडल्या आहेत. आम्ही लग्नकार्यानिमित्त तेरला कितीदा गेलो. जेवलो आणि परत आलो. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचाच आहे.

म्हणून एक विनंती. २६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन. त्या दिवशी ध्वजवंदन झाल्यावर संस्थेने विद्यार्थ्यांना तेरला न्यावे. आधी संग्रहालय आणि पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यांना भेटून परवानगी घ्यावी; मग परिसर झाडावा, पाहावे, टिपणे काढावीत. जुन्या विटेला मात्र हात लावू नये. जाण्यायेण्याच्या खर्चाचा पहिला वाटा आम्ही पाच जण उचलू. आवर्ती ठेव पुन्हा सुरू केली आहे.

पुढे कधी कोणी या मुलांना तोच प्रश्न विचारला, तर त्यांना एकमेकांकडे पाहावे लागू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!