जुन्या पियानोची कुरकुर

मुंबईंतील एखाद्या जुन्या पारशी घरांत, पुण्याच्या लष्कर भागांत किंवा गोव्यांतील एखाद्या प्रशस्त दिवाणखान्यांत भिंतीला पाठ लावून उभा असलेला पियानो अजूनहि दृष्टीस पडतो. पणजोबांच्या काळीं बोटीनें आलेलें हें वाद्य. पुढील फळीवर पितळेचीं दोन शमादानें, हस्तिदंती पट्ट्या पिंवळ्या पडलेल्या, आणि वर कुटुंबांतील तीन पिढ्यांचीं छायाचित्रें. घरांतील मुलगी वाजवावयास बसते, सूरहि बरे लागतात. परंतु स्वरांच्या मागोमाग दुसरेच आवाज येतात. कोठें खट्, कोठें कुर्र, तर खालच्या सप्तकांत झण्ण! अशा वेळीं घरांत दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "जरा तेल सोडा." दुसरा म्हणतो, "आतां याचें नुसतें लांकूड राहिलें; काढून टाका." पहिल्या सल्ल्यानें चांगलीं वाद्यें बिघडतात, दुसऱ्यानें तीं भंगारांत जातात, आणि दोहोंचें मूळ एकच : आवाज नीट ऐकण्यापूर्वींच निकाल देण्याची घाई.

वाद्याची घडण थोडी समजून घेतली म्हणजे निदान सोपें होतें. मोठ्या, आडव्या पियानोंत हातोडी तारेवर खालून आघात करते व स्वतःच्या वजनानें परत खालीं येते. उभ्या पियानोंत हातोडी समोरून तारेवर आदळते, आणि तिला मागें आणण्यास वजनाची पुरेशी मदत होत नाहीं. इ. स. १८०० मध्यें फिलाडेल्फियांत हॉकिन्स यानें व व्हिएन्नांत म्यूलर यानें तारा थेट जमिनीलगत उतरणारे लहान उभे पियानो बांधले, तेव्हांपासून ही अडचण कारागिरांच्या मागें लागली. लंडनच्या रॉबर्ट वॉर्नम यानें १८४२ मध्यें हातोडीला मागें ओढणाऱ्या फितीची जी योजना केली, तिचेंच सुधारलेलें रूप पुढें बहुतेक उभ्या पियानोंत रूढ झालें. ह्या फिती, बारीक कमानी आणि गाद्या जुन्या झाल्या कीं बोलूं लागतात.

पट्टी दाबली कीं तिचें मागील टोंक वर उठतें व एका तरफेला उचलतें. तरफेवरील लहानसा दांडा हातोडीच्या बुडाला ढकलतो. हातोडी तारेपासून सुमारें तीन मिलिमीटरांवर आली असतां तो दांडा निसटतो, आणि उरलेलें अंतर हातोडी आपल्या वेगानेंच तोडते. पंच्याऐंशीं किंवा अठ्ठ्याऐंशीं पट्ट्यांमागें अशी एकेक सांखळी असते. तिच्या सांध्यांत सुमारें सव्वा मिलिमीटर जाडीची धातूची खीळ लोंकरी कापडाच्या अस्तरांत फिरते, आणि जेथें लांकूड लांकडाला भेटतें तेथें मध्यें बनात, नमदा किंवा कातडें असतें. यंत्राची सारी शांतता या मऊ वस्तूंवर अवलंबून आहे.

आवाजांना नांवें देण्याच्या बाबतींत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे, आणि येथें त्या श्रीमंतीचा प्रत्यक्ष उपयोग होतो. खुळखुळ, खटखट, कुरकुर आणि झणझण यांचीं कारणें निरनिराळीं आहेत. त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे आवाज कोणत्या क्षणीं येतो तें. पट्टी इतकी सावकाश दाबावी कीं स्वर उमटूंच नये. तरीहि आवाज आला तर दोष पट्टींत किंवा तिच्या लगतच्या सांध्यांत असावा. सावकाश दाबतांना शांतता, पण जोरानें वाजवितांच खट् होत असेल, तर संशय हातोडीवर. पट्टी सोडतांना आवाज येत असेल तर परतीच्या गाद्या पाहाव्या. आणि स्वर गुंजत असेपर्यंत झणझण टिकून राहत असेल, तर यंत्राला हात लावण्याची घाई करूं नये. कांहीं तरी सुराबरोबर कंप पावत आहे.

त्या 'कांहीं तरी'चा शोध पियानोच्या बाहेरून सुरू करावा. एकानें तो स्वर पुनःपुन्हां वाजवावा व दुसऱ्यानें खोलींतील एकेक वस्तु हातानें धरून पाहावी. छायाचित्राची कांच, कपाटाचें तावदान, फुलदाणी, यांपैकीं एखादीवर हात पडतांच झणझण थांबते आणि घरांतील मंडळी ओशाळून हंसतात! त्यानंतर पाळी शमादानांची. विजेचे दिवे आल्यापासून तीं निरुद्योगी झालीं. त्यांचे स्क्रू सैल पडले, आणि आतां त्यांचें एवढेंच काम उरलें कीं ठराविक सुरांना साथ करणें. मग बिजागऱ्या, कुलूप व झांकण तपासावें. खालची फळी काढली असतां आंत पेन्सिली, नाणीं, केसांतील आंकडे सांपडतात. कसर लागूं नये म्हणून टाकलेल्या डांबराच्या गोळ्याहि कधीं कधीं खुळखुळतांना आढळतात. हें सर्व निर्दोष ठरल्यावरच तारांकडे व त्यांचा नाद वाढविणाऱ्या मागील मोठ्या फळीकडे वळावें. खर्जाच्या तारांवरील तांब्याचा वेढा सैल झाला कीं तार झणझणते. कारागीर ती सैल करून तिचें खालचें टोंक सोडवितो, वेढ्याच्या दिशेनें तिला पीळ देतो व पुन्हां अडकवितो. नादाच्या फळीला चीर दिसली म्हणून घाबरूं नये. चीर पुष्कळदां मुकी असते. फळीच्या मागील आडव्या पट्टीचा जोड सुटला असेल तरच ती बोलते.

खटखटीचा उगम बहुधा सैलपणांत असतो. आपल्याकडे पावसाळ्यांत लांकूड ओल पिऊन फुगतें व कोरड्या दिवसांत आटतें. असे पन्नास-साठ फेरे झाल्यावर स्क्रूची पकड सुटली तर नवल नाहीं. सांध्यांचे स्क्रू क्रमानें तपासून अडतील इतकेच आंवळावे; अंगचा जोर दाखविल्यास जुनें लांकूड फुटतें किंवा आटे निकामी होतात. कधीं हातोडीचें डोकेंच दांडीवर सुटलेलें असतें. शेजारच्या हातोड्यांशीं ताडून, दोन बोटांनीं हलकेंच हलविल्यास तें ध्यानांत येतें. जुना सरस खरवडून काढावा, ताजा गरम सरस लावून डोकें शेजाऱ्यांच्या रांगेंत बसवावें, आणि सुकेपर्यंत पट्टीला हात लावूं नये. सांध्यांतील खीळच खेळूं लागली असेल तर जाड खीळ घालावी लागते. हा जाडीचा फरक माणसाच्या केसाहूनहि कमी असतो. तें सरावलेल्या हाताचेंच काम.

पट्टी सोडतांना होणारी धपधप व खुळखुळ हें कसरीचें आणि काळाचें देणें. नमदा खाल्ला जातो किंवा दगडासारखा घट्ट होतो. पट्टीच्या भोकांतील बनात झिजते व पट्टी डावी-उजवीकडे डुलूं लागते. येथें नवें कापड घालणें हाच उपाय, परंतु तें मूळच्या जाडीचेंच हवें. हातोडीच्या विसाव्याची गादी जाड झाली तर हातोडीचें तारेपासूनचें अंतर बदलतें, आणि एक आवाज घालवितांना पट्टीची सगळी चाल बिघडते. तुटक्या फितीहि याच वेळीं बदलाव्या.

उरली कुरकुर. ती पुष्कळदां पायाशीं असते. कांहींहि न वाजवितां नुसतें पेडल दाबून पाहिलें म्हणजे खात्री पटते. तेथील लांकडी दांड्याच्या टोंकांना नवें कातडें, आणि कमान जेथें घांसते तेथें ग्राफाइट किंवा शंखजिऱ्याची पूड एवढें पुरतें. तेल मात्र कदापि सोडूं नये. लोंकरी अस्तर तें शोषून घेतें, त्यांत धूळ बसते, आणि आज कुरकुरणारी पट्टी पुढें चिकटून बसते. ज्या लांकडांत सुरांच्या खुंट्या बसविलेल्या असतात, त्यांत तेल मुरलें तर खुंट्या घसरूं लागतात व सूर टिकत नाहीं.

काढून टाकण्याच्या सल्ल्यालाहि कधीं अर्थ असतो. पियानोच्या तारांचा एकूण ताण सोळा टनांच्याहि वर जाऊं शकतो. तो पेलणारी लोखंडी चौकट तडकली, किंवा सर्वच खुंट्या सैल झाल्या, तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किंमतीहून अधिक होतो. पण खुंट्यांचा हा रोग खटखट करीत नाहीं. सूर लावून गेलेल्या कारागिराची पाठ वळल्यावर आठवड्याभरांत सूर उतरूं लागला, कीं तो उघडकीस येतो. गोंगाट करणारा पियानो बहुतेक वेळां बरा होण्याजोगा असतो.

कारागिराला बोलावण्यापूर्वीं घरच्या माणसांनीं एक दुपार खर्चावी. डावीकडून एकेक पट्टी हळू दाबून, जोरानें वाजवून व एकदम सोडून पाहावी, आणि तिचा अनुक्रमांक, आवाजाचें नांव व त्याची वेळ वहींत टिपून ठेवावी. अधिक दोष मधल्या दोन-तीन सप्तकांत निघतील, कारण तींच अधिक वाजविलीं जातात. टोंकाच्या कमी झिजलेल्या पट्ट्या नमुन्यासाठीं उपयोगीं पडतात. दुरुस्तीनंतर एक पावसाळा व एक हिवाळा जाऊं द्यावा, आणि तीच वही घेऊन पुन्हां एकदां डावीकडून सुरुवात करावी.