मांजर आडवे गेले नाही

श्रोतेहो, प्रवासास निघताना मांजर आडवे गेले तर कार्यनाश होतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. अशा वेळी माघारी फिरावे, घोटभर पाणी प्यावे आणि मग पुन्हा निघावे. मांजर आडवे जाते तेव्हा ते स्वतःही कोणत्या तरी कामास निघालेले असते, आणि वाटेत माणूस आडवा आल्याने त्याच्या कार्याचे काय होत असेल, याची विचारपूस मात्र आजवर कोणी केलेली नाही. गेल्या मार्गशीर्षात मी जव्हारहून मुंबईस निघालो, त्या दिवशी हा अपशकुन होणे शक्यच नव्हते. कारण आमची मनी माझ्याच हातातील झाकणाच्या करंडीत बसली होती.

आमचे घर शिरपामाळाच्या वाटेवर आहे. शिरपामाळ म्हणजे जव्हारशेजारचे उघडे माळरान. 1664 साली सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांची व महाराजांची येथे भेट झाली, आणि त्या प्रसंगी शिरपेचाचा मान झाला म्हणून या माळास शिरपामाळ हे नाव पडले, असे परंपरा सांगते. महाराजांना सुरत गाठावयाची होती. तरी ते येथे थांबले. आता रविवारी मुंबईनाशिककडील मोटारी येतात, त्यांना कोठेच गाठावयाचे नसते, आणि त्या दहा मिनिटांत परत फिरतात. मंडळी उतरतात, सूर्याकडे पाठ करतात, मोबाईल हातभर लांब धरून स्वतःचे छायाचित्र घेतात आणि 'आता पुढे काय आहे?' असे विचारतात. पुढे दाभोशाचा धबधबा आहे, हनुमान पॉइंट आहे, जयविलास राजवाडा आहे. सूर्य मावळण्यापूर्वी सगळे उरकलेच पाहिजे! आमची मनी त्या वेळी एका दगडावर पुढचे पाय पोटाखाली घेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसलेली असे. ती सूर्यास्त पाहत होती असे मी म्हणत नाही. बहुधा गवतातील उंदीर पाहत असेल. परंतु बघण्याची क्रिया तेथे चालली होती, एवढे खरे.

मनी तीन रंगांची आहे: पांढरी, काळी आणि तांबूस. अशी मांजरे जवळजवळ सर्व माद्याच असतात. आमच्या भागात वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. वाघाच्या या मावशीसाठी मात्र पंचांगात एकही तिथी राखून ठेवलेली नाही. आमची सौभाग्यवती होती तेव्हा ती त्या दिवशी मनीला थोडे अधिक दूध घाली. तिला जाऊन आता दोन वर्षे होतील. तेव्हापासून चिरंजीवांचा एकच धोशा होता: "बाबा, एकटे राहू नका, इकडे या." मी दर वेळी उत्तर देई, "अरे, मांजराचे काय करू? कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर घराला धरून असते. ते तुमच्याकडे राहावयाचे नाही." शेवटी सूनबाईच म्हणाली, "मामंजी, मनीला घेऊनच या. महिनाभर राहून तर पाहा." युक्तिवाद संपला. करंडी विकत आणावी लागली.

एस.टी.च्या वाहकाने करंडीकडे पाहून "गुरुजी, कोंबडी का?" असे विचारले. मी सत्य सांगितले. तो आपल्या शेजारच्या पाड्यातला, माझाच विद्यार्थी. म्हणाला, "कोंबडी असती तर गावापर्यंत गप्प बसली असती." त्याचे भाकीत खरे ठरले. विक्रमगडपर्यंत मनी ओरडत होती, मनोरपर्यंत अधिक ओरडत होती, आणि पालघरच्या स्थानकावर उतरलो तेव्हा मोटारीतील उतारूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मला एरवी फक्त निकालाच्या दिवशी नापासांच्या पालकांकडून मिळाली होती.

पालघरहून लोकल. 2013 सालापासून या गाड्या डहाणूपर्यंत येऊ लागल्या. वैतरणेची खाडी ओलांडेपर्यंत डबा मोकळा होता. विरारला तो भरला, आणि तेथे मला एक मौजेची गोष्ट दिसली. लोकलच्या बाकावर बसण्याची जागा तिघांची असते; पण मुंबईत चौथ्याचाही हक्क मानलेला आहे. हा चौथा प्रथम नुसता उभा राहतो. मग "जरा सरका" असे हळूच म्हणतो. मग बाकाच्या टोकावर चार बोटे टेकतो. वसईपर्यंत तो अर्धा बसलेला असतो आणि बोरिवलीला पाहावे तर पुरता स्थिर होऊन पेंगत असतो. श्रोतेहो, मांजर आपल्या अंथरुणात ज्या रीतीने शिरते, ती हीच रीत! प्रथम पायाशी, मग गुडघ्याशी, आणि पहाटे उशीवर मांजर, माणूस भिंतीला. सबंध मुंबई ही कला मांजराकडून शिकली असावी, असा माझा पक्का समज झाला.

चिरंजीवांचे बिऱ्हाड गोरेगावास अकराव्या मजल्यावर. खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी. मनी करंडीतून बाहेर पडली ती थेट पलंगाखाली, आणि तीन दिवस तेथून निघाली नाही. दूध नाही, मासळी नाही. खरे सांगावयाचे तर पहिल्या दिवशी मला आतून थोडे समाधानच वाटले. 'मी म्हणत नव्हतो?' असे म्हणण्याची संधी आली होती. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या घशाखाली घास उतरेना. रात्री मी पलंगाशेजारी जमिनीवर आडवा पडून हाका मारीत होतो आणि अंधारातून दोन हिरवे दिवे माझ्याकडे नुसते पाहत होते. एका हट्टी म्हाताऱ्याने स्वतःची सबब सिद्ध करण्यासाठी एका मुक्या जिवास दीडशे कोस लांब आणून टाकले, असे मनात आले. दीडशे कोस नव्हेत, पन्नास असतील. पण रात्रीच्या वेळी अंतरे वाढतात.

माझे मन रमावे म्हणून मुलाने मला शहर दाखविण्याचा सपाटा लावला. भायखळ्याची राणीची बाग पाहिली. ती 1861 सालची आहे. तेथे 2017 पासून पेंग्विन पक्षी लोकांना पाहावयास मिळतात. त्यांच्यासाठी थंड काचघर केलेले आहे. रांग मोठी होती, काचेपुढे उभे राहण्यास वेळ थोडा. बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो तर बाकाखाली एक भुरा बोका झोपलेला. रांगेतून नुकतीच सुटलेली सारी मुले त्याच्याभोवती जमली. त्याला पाहण्यास रांग नव्हती, आणि आपल्याला कोणी पाहत आहे याची दादही त्याला नव्हती.

दुसऱ्या एका पहाटे ससून डॉकला गेलो. 1875 साली पुरी झालेली ही गोदी म्हणजे मासळीची पंढरी. कोळणींचा लिलाव, बर्फाच्या गाड्या, पाण्याने निसरडी झालेली फरशी. तेथील मांजरांचा थाट काय वर्णावा! आमच्याकडे शिंके तुटले तर बोक्याचे फावते. येथे शिंके टांगलेच कोणी नव्हते. एका कोळीणबाईने टोपलीतून दोन बारीक मासे एका मांजरीपुढे फेकले आणि मला म्हणाली, "बाबा, हिची आईपण इथंच होती." मी विचारले, "ही कधी दुसरीकडे जात नाही?" ती हसली. "जाते ना. होडीत बसते, दोन दिवस समुद्रात, मग परत."

माझ्या 'मांजर घराचे' या सिद्धांतास तेथे पहिला तडा गेला. दुसरा नातीने दिला. तिच्या पुस्तकात होते की सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. त्या बेटावर मांजरे मूळची नव्हती. म्हणजे कोणी तरी त्यांना होडीतून नेले असले पाहिजे. "आजोबा, त्यांच्याकडेपण करंडी असेल," असे तिने शांतपणे अनुमान काढले.

चौथ्या दिवशी पहाटे मी उठून पाहतो तो मनी नातीच्या उशीवर, आणि नात भिंतीला. त्यानंतर तिने मागे वळून पाहिले नाही. दुपारी खिडकीच्या जाळीशी बसून ती अकरा मजल्यांखालचा रस्ता न्याहाळी, कबुतरांना दात वाजवून दाखवी, संध्याकाळी नातीच्या वहीवर बसून तिचा अभ्यास थांबवी. महिना संपत आला. चिरंजीव जेवताना म्हणाले, "बाबा, मनी तर रमली." सर्वांचे डोळे माझ्याकडे लागले. वास्तविक हा क्षण टळावा म्हणूनच मी इतकी वर्षे मनीच्या आड बसलो होतो. मी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला, आणि म्हणालो, "हो, ती रमली. मी नाही रमलो."

ताटे तशीच राहिली. मुलगा काही वेळाने म्हणाला, "आईमुळे का?" मी मान हलविली. तो म्हणाला, "मग हे आधीच सांगायचं होतं." मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचे काम अखेर मलाच करावे लागले, आणि ते वाटले होते तितके अवघड नव्हते.

मनी गोरेगावलाच राहिली. तिला पुन्हा करंडीत घालण्याचा विचार नातीने एकमताने फेटाळला. परतीच्या एस.टी.त तोच वाहक होता. त्याने रिकाम्या करंडीचे झाकण उचलून पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी त्याला सर्व हकीकत सांगितली. विक्रमगड येईपर्यंत ती पुरली. आता दर रविवारी रात्री नातीचा फोन येतो. ती फोन मनीच्या कानाशी धरते, मी इकडून "मने, मने" असे ओरडतो, आणि तिकडून बराच वेळ काहीही ऐकू येत नाही. "ती ऐकतेय, आजोबा," नात सांगते, "तिचा एक कान हलला."