अफवा, जमाव आणि शाळा
(शिक्षण परिषदेतील भाषण)



मनुष्य एकटा असता जे करावयास धजत नाही, ते समूहात मिसळताच करून जातो. असे का व्हावे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी जे घडले, त्यावरून याचा उलगडा होतो. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. तो आठवडी बाजाराचा दिवस होता. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागात आधीच पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले.

अशा कृत्याच्या मुळाशी बहुधा तीन गोष्टी असतात. पहिली भीती. लेकरांच्या काळजीने मनुष्य विचार करावयाचा थांबतो. दुसरी अपरिचय. ज्याचे नावगाव ठाऊक नाही, त्याच्याविषयी काहीही खरे वाटते. तिसरी जबाबदारीची वाटणी. संदेश धाडणारा म्हणतो, ‘मी केवळ पुढे पाठविला’; हात उगारणारा म्हणतो, ‘सारेच मारीत होते.’ दोष सर्वांत वाटला गेला की तो कोणालाच आपला वाटत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. त्यामुळे अफवेचा वेग कमी होईल. विवेक मात्र शिकवावाच लागेल.

जालना जिल्ह्यास हा विषय परका नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. त्यांच्या दासबोधात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. दारी आलेला भिक्षेकरी येथे कधी परका मानला गेला नाही. शिवाय या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस परमुलखात जातात. तेथे तीही अनोळखीच असतात, आणि त्यांची मुले याच शाळांतून शिकतात.

म्हणून परिपाठात पाच मिनिटे या विषयासाठी राखावीत. एखादा संदेश फळ्यावर लिहून मुलांस विचारावे : हे कोणी पाहिले? कोठे, केव्हा घडले? खोटे निघाल्यास कोणाचे नुकसान होईल? उत्तरे न मिळाल्यास तो पुढे धाडू नये, आणि संशय आल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे, हे मुलांनी घरी सांगावे. गावाच्या व्हॉट्सॲप गटात अशी वार्ता आल्यास शिक्षकानेही मौन धरू नये. गाव अजून त्याचा शब्द मानते. तो वेळेवर उच्चारला जावा, एवढीच अपेक्षा आहे.