गांजाची तपासणी आणि गरिबाचा तुरुंगवास

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



गांजा पकडल्याची बातमी वृत्तपत्रात येते तेव्हा छायाचित्रात पोत्यांची रास असते, मागे अधिकारी उभे असतात आणि पुढे तोंड झाकलेले दोन-तीन तरुण बसवलेले असतात. बातमी तेथे संपते. त्या पोत्यांतून काढलेला चोवीस ग्रॅमचा नमुना कोठे जातो, तो कोण तपासतो, किती महिन्यांनी तपासतो आणि त्यासाठी पैसा कोण देतो, हे कोणी विचारीत नाही. त्या तरुणांचे भवितव्य मात्र पुष्कळ अंशी त्या चोवीस ग्रॅमवर अवलंबून असते.

१९८५ साली संसदेने गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत केला. त्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्यावर वा फळावर आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने व बी गांजात मोडत नाहीत. म्हणूनच उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात पानांची भांग सरकारी परवान्याने विकली जाते व सरकार त्यावर महसूल मिळवते! २००१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वजनावर ठरू लागली. एक किलोच्या आत गांजा सापडला तर आज फार तर एक वर्ष कैद. वीस किलोहून अधिक सापडला तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, शिवाय कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ दुरापास्त.

पोलीस पोते जसेच्या तसे तराजूवर ठेवतात. त्यात शेंडे किती, देठ किती, सुटी पाने किती, हे वेगळे करण्याची तसदी सहसा घेतली जात नाही. याच मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी आरोपींना जामीन दिलेले आहेत. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला वकील लागतो आणि वकिलाला पैसा लागतो. मलकानगिरी-कोरापुटच्या डोंगरातून पाठीवर माल वाहून आणणाऱ्या आदिवासी मजुराजवळ तो नसतो. ज्याने मालात भांडवल गुंतवले तो पोत्याजवळ कधीच सापडत नाही.

आता तपासणीकडे वळू. जागेवर वापरायच्या पेटीतील रसायनाने रंग बदलला, तर तो केवळ संशयाला आधार असतो, पुरावा नव्हे. प्रयोगशाळेत पानावरची नखाच्या आकाराची लव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते, रंगचाचण्या होतात आणि घटकद्रव्ये वेगळी काढून ओळखली जातात. हे काम गूढ नाही. यंत्र एकदा विकत घेता येते. त्याच्यासमोर बसणाऱ्या रसायनतज्ज्ञाला मात्र दरमहा पगार द्यावा लागतो, आणि नोकरशाहीचा हात आखडतो तो नेमका येथे. उद्घाटनाची फीत इमारतीला बांधता येते, भरलेल्या पदाला नाही.

नमुना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत अहवाल द्यावा, असा केंद्राचा स्थायी आदेश होता. प्रत्यक्षात काय घडले? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका खटल्यातील आरोपी बारा वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी म्हणून तुरुंगात होता. त्या निकालात न्यायालयाला प्रयोगशाळांच्या तुटवड्याची दखल घेऊन सरकारांना निर्देश द्यावे लागले. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. त्यांतील सर्वच काही या कायद्याखालचे नव्हेत, हे खरे. परंतु उशिराची किंमत कोणता वर्ग मोजतो, हे त्या आकड्यात दिसते.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने न्यायवैद्यक सुविधांसाठी २०२८-२९ पर्यंत २,२५४.४३ कोटी रुपये मंजूर केले. रक्कम लहान नाही. पण ती योजना विद्यापीठाची नवी संकुले आणि केंद्रीय प्रयोगशाळा यांच्यासाठी आहे. पोलीस हा विषय राज्यांचा. तालुक्याच्या ठाण्यातील नमुना जातो तो राज्याच्या प्रयोगशाळेत. महाराष्ट्रात तो कलिना, नागपूर, पुणे, नाशिक अशा ठिकाणी जातो. त्याच प्रयोगशाळांवर १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेचा भारही येऊ लागला आहे, कारण सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ नेण्याची अट राज्यांना पाच वर्षांच्या आत अंमलात आणायची आहे.

काही साथी विचारतील: पोलिसांच्या तपासणीसाठी सरकारी पैसा मागणे म्हणजे दडपशाहीचे हात बळकट करणे नव्हे काय? शंका रास्त आहे. ठाण्यांना पेट्या वाटण्यावर झालेला खर्च अटका वाढवतो. प्रयोगशाळेतील मंजूर पदे भरण्यावर झालेला खर्च चुकीची अटक लवकर उघडी पाडतो. दोन्ही खर्च अर्थसंकल्पात शेजारी-शेजारी असले तरी एक नव्हेत. पुन्हा, महाराष्ट्रातील न्यायसहायक प्रयोगशाळा गृहखात्याच्याच अखत्यारीत आहेत. पकडणारा आणि तपासणारा एकाच खात्याचे नोकर असावेत, ही व्यवस्था मोडण्याची मागणी पैशाच्या मागणीबरोबरच केली पाहिजे. किती पदे रिक्त आहेत आणि किती नमुने पंधरा दिवसांहून जुने आहेत, हे दोन प्रश्न प्रत्येक विधानसभेत विचारता येतील.

आणखी एक बाब वकील साथींनी ध्यानात ठेवावी. फेरतपासणी हवी असल्यास अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत अर्ज करावा, अशी मर्यादा २०१३ च्या त्याच निकालाने घातली आहे. अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. कुवी बोलणाऱ्या तरुणाला तुरुंगात तो कोण वाचून दाखवणार, याचे उत्तर कोणत्याही नियमात नाही. ते काम जिल्ह्याजिल्ह्यांतील कायदे-साहाय्य समित्यांना हाती घ्यावे लागेल, आणि तेही पंधरा दिवस संपण्यापूर्वी.