आपल्या प्रकृतीस मानवेल तो योग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा शब्दांकित भाग)

 

दरवर्षी 21 जून उजाडला की ठाण्यातील उद्याने, कल्याणातील शाळांची पटांगणे आणि डोंबिवलीतील सोसायट्यांच्या गच्च्या आसनांच्या रंगीबेरंगी सतरंज्यांनी भरून जातात. आबालवृद्ध एकत्र जमतात, छायाचित्रे निघतात, अल्पोपाहार होतो. 22 जूनला मात्र त्यांतील बहुसंख्य सतरंज्या गुंडाळून कपाटावर जातात, त्या थेट पुढील वर्षापर्यंत. हे असे का होते, याचा विचार सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने करणे उचित ठरेल.

जगाने योगाचा केलेला गौरव ही अभिमानाची गोष्ट आहे यात शंका नाही. 27 सप्टेंबर 2014 रोजी भारताच्या पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत योगदिनाची कल्पना मांडली आणि अवघ्या अडीच महिन्यांत, 11 डिसेंबर 2014 रोजी, महासभेने तो ठराव संमत केला. तब्बल 177 देश त्या ठरावाचे सहप्रस्तावक होते. 21 जून 2015 रोजी पहिला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा झाला. 2016 मध्ये युनेस्कोने योगाची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

परंतु हा प्रवास 2014 मध्ये सुरू झालेला नाही. 1893 च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधून घेतले, हे सर्वज्ञात आहे. त्याच परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून महुव्याचे सुपुत्र वीरचंद राघवजी गांधी उपस्थित होते आणि त्यांनी परदेशात योगदर्शनावरही व्याख्याने दिली, हे मात्र आपल्याच समाजातील तरुणांना फारसे ठाऊक नसते. योगाची ध्वजा परदेशी नेणाऱ्यांत जैन समाजाचाही वाटा आहे, ही जाणीव नव्या पिढीला करून देणे अगत्याचे आहे.

एक गुरू, अनेक वाटा

आज जगभर योगाच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत आणि ‘यांतील खरा योग कोणता?’ असा प्रश्न नवशिक्याला पडतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. मुंबई, लोणावळा आणि पुणे या आपल्या परिसरातच ते सापडते.

बडोद्याजवळील मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे थोर योगी होऊन गेले. त्यांच्या दोन शिष्यांनी दोन भिन्न मार्ग चोखाळले. पहिले श्रीयोगेंद्र. त्यांनी 1918 मध्ये मुंबईत वर्सोवा येथे ‘द योग इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. ही संस्था पुढे सांताक्रूझ येथे स्थिरावली. योग हा गुहेतील संन्याशाचा नसून संसारी माणसाचाही आहे, या विचाराने त्यांनी गृहस्थाला झेपेल अशी साधी, सौम्य पद्धती सिद्ध केली. दुसरे स्वामी कुवलयानंद. त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ उभारले, ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले आणि क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने नौली, उड्डियान अशा क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम तपासला. एकाच गुरूचे हे दोन शिष्य. एकाने योग घराघरात नेला, दुसऱ्याने प्रयोगशाळेत नेला.

तोच प्रकार दक्षिणेत घडला. म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांच्या हाताखाली पट्टाभि जोइस शिकले आणि त्यांनी श्वासाच्या लयीत एकामागून एक आसने करण्याची, चांगलाच घाम काढणारी अष्टांग विन्यास पद्धती प्रसृत केली. त्यांच्याच हाताखाली बी. के. एस. अय्यंगारही शिकले. बालपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षयाने जर्जर झालेले हे गृहस्थ 1937 मध्ये पुण्यास आले आणि पुणेकरच झाले. दुबळ्या शरीराची व्यथा त्यांनी स्वतः भोगली होती. म्हणूनच खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, उशी, दोर अशा साधनांचा आधार देऊन रुग्णाला आणि वृद्धालाही आसन साधता यावे, अशी पद्धती त्यांनी घडविली. 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने ती जगभर पोहोचली. मराठीत तो ‘योगदीपिका’ या नावाने परिचित आहे.

तात्पर्य हे की, गुरू एक असूनही मार्ग निराळे झाले, कारण साधक निराळे होते. एकाच ताग्यातून दोन भावांचे सदरे शिवता येतात. परंतु एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याच्या अंगात बसत नाही. त्यात दोष ना कापडाचा असतो, ना अंगाचा.

श्रावकाची अडचण

हा प्रश्न केवळ व्यायामाचा असता तर धर्मसंस्थेच्या व्यासपीठावर त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या बाजारपेठेत चाळीस-चाळीस वर्षे गादीवर बसून व्यापार केलेले कितीतरी श्रावक आज साठी-सत्तरीत आहेत. गुडघे कुरकुरू लागले की असा श्रावक उपाश्रयात प्रथम मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसतो. पुढे खुर्ची मागण्याचा संकोच वाटतो आणि एक दिवस तो येईनासा होतो. गुडघा दुखतो म्हणून सामायिक सुटते, आणि सामायिक सुटले की संघातील उठबसही सुटते. घरचा मुलगा कळकळीने सांगतो, “बाबा, योग करा.” वडील दूरचित्रवाणीसमोर बसून पडद्यावरील तरुणासारखे पद्मासन घालू पाहतात, गुडघा अधिक दुखावतो आणि ‘योग आपल्यासाठी नव्हे’ असा कायमचा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः चूक योगाची नसते, निवडीची असते.

या संकोचावर आपल्या पूर्वाचार्यांनीच उत्तर देऊन ठेवले आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात राजा कुमारपाळासाठी ‘योगशास्त्र’ रचले. त्यात पर्यंकासन, वीरासन, पद्मासन, गोदोहिकासन, कायोत्सर्ग अशी आसने वर्णिल्यानंतर आचार्यश्री असे सांगतात की, ज्या आसनाने मन स्थिर होईल तेच आसन ध्यानासाठी योजावे. अमुकच आसन हवे असा आग्रह तेथे नाही. स्वतः भगवान महावीरांना केवलज्ञान झाले ते पद्मासनात नव्हे, तर आगमांतील वर्णनानुसार ऋजुवालिका नदीच्या काठी गोदोहिका आसनात, म्हणजे गाय दोहताना बसतात त्या स्थितीत. कायोत्सर्ग तर उभ्यानेही होतो आणि बसूनही. तेव्हा गुडघा वाकत नाही म्हणून कुणी साधनेस अपात्र ठरत नाही. खुर्चीवर ताठ बसून मन स्थिर होत असेल, तर ती खुर्ची लज्जेचा विषय नव्हे.

महर्षी पतंजलींचेही म्हणणे वेगळे नाही. आसन स्थिर आणि सुखद असावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. शिवाय त्यांच्या अष्टांगांची पहिली पायरी म्हणजे यम, अर्थात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. ही पाचही नावे श्रावकांच्या घरात बालपणापासून कानावर पडतात. त्या अहिंसेत स्वतःच्या देहावर जबरदस्ती न करणेही येते, हे विसरून चालणार नाही.

निवड कशी करावी?

प्रथम आपला दिनक्रम पाहावा. दिवसभर गल्ल्यावर वा संगणकासमोर बसणाऱ्याला पाठ, खांदे व मांड्या मोकळ्या करणारी ताडासन, भुजंगासन यांसारखी आसने उपयुक्त ठरतात. डोंबिवलीहून रोज लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्या नोकरदाराला संध्याकाळी आणखी दमविणाऱ्या पद्धतीपेक्षा शवासन, योगनिद्रा व संथ श्वसन अधिक लाभदायी होते. सुदृढ तरुणाला वेगवान विन्यास पद्धती आवडेल. त्याने ती अवश्य करावी. संधिवात व पाठदुखी असलेल्यांनी आधार घेऊन केलेली आसने शिकावीत. ज्यांचा ओढा मनःशांतीकडे आहे, त्यांच्यासाठी आचार्य महाप्रज्ञांनी विकसित केलेली प्रेक्षाध्यान पद्धती आहे.

दुसरे, आपला आजार लपवू नये. उच्च रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी श्वास दीर्घकाळ रोखून धरणे आणि वेगाने कपालभाती करणे टाळावे. काचबिंदू असल्यास डोके खाली जाणारी आसने वर्ज्य समजावीत. हर्निया असल्यास किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास उड्डियान करू नये. मणक्याची चकती सरकलेल्यांनी व हाडे ठिसूळ झालेल्यांनी पुढे वाकताना विशेष जपावे. गर्भवती भगिनींनी वैद्यकीय सल्ल्यावाचून काहीही आरंभू नये. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी योग सुरू केला म्हणून परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. तो निर्णय डॉक्टरांचाच.

तिसरे, आपल्या आचारधर्माशी योगाची सांगड घालावी. आसने रिकाम्या पोटी करावयाची असतात. नवकारशीचे पच्चक्खाण करणाऱ्याला सूर्योदयानंतरची 48 मिनिटे अनायासे मोकळी मिळतात. अभ्यासासाठी याहून योग्य वेळ कोणती? रिकाम्या पोटी साखर एकदम उतरते अशा मधुमेहींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. जलनेतीसाठी उकळून कोमट केलेले पाणीच वापरावयाचे असते आणि उकाळलेले पाणी आपल्या घरांना नवे नाही. मात्र उपवासाच्या, विशेषतः चौविहार उपवासाच्या दिवशी दमविणारी आसने किंवा तापविलेल्या खोलीतील ‘हॉट योगा’ कटाक्षाने टाळावा. अठ्ठाई वा वर्षीतप करणाऱ्यांना त्या दिवसांत शवासन आणि शांत श्वसन पुरेसे आहे.

चौथे, गुरू समोर असावा. या बाबतीत ठाणेकर भाग्यवान आहेत. घंटाळी मित्र मंडळाने अनेक दशके ठाण्यात योगप्रसाराचे व्रत चालविले आहे. हठयोगी निकम गुरुजींच्या श्री अंबिका योग कुटीरने आसनांबरोबर शुद्धिक्रियांचा अभ्यास सर्वसामान्यांपर्यंत नेला आहे. कोणत्याही वर्गात नाव घालण्यापूर्वी एकच पारख करावी: शिक्षक आपल्या आजाराची चौकशी करतात काय? जे न विचारता सर्वांना एकाच रांगेत शीर्षासनाला उभे करतात, तेथून नम्रपणे परतावे.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सातत्य. आठवड्यातून एकदा दीड तास करण्यापेक्षा रोज वीस मिनिटे केलेला अभ्यास अधिक फळतो. एक पद्धती निवडल्यावर किमान तीन महिने तीच करावी. दर आठवड्याला नवा वर्ग, नवा गुरू असे केल्याने कुठलीच विद्या अंगी लागत नाही.

समारोप

अनेकांतवाद मानणाऱ्या समाजाने ‘आमचीच पद्धती खरी’ या वादात पडण्याचे कारण नाही. सांताक्रूझ, लोणावळा, पुणे आणि ठाणे येथील वाटा निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येक वाट कुणाच्या ना कुणाच्या पायाला सोयीची आहे. संघानेही एवढे करावे: येत्या 21 जूनला मोठा सोहळा जरूर व्हावा, परंतु 22 जूनपासून उपाश्रयात पहिल्या रांगेत दहा खुर्च्या कायम मांडलेल्या असाव्यात. गुडघेदुखीमुळे घरी बसलेल्या वडीलधाऱ्यांना शेजारच्या तरुणाने हात धरून तेथे आणावे. दोन घटिकांचे त्यांचे सामायिक पुन्हा सुरू झाले, तर आपल्या संघापुरता योगदिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र!